उन्हाळी शिबिर, वर्षभराचे उपक्रम आणि देणग्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की आमचा फोन वाजायला लागतो. पालकांना फी, जेवण, अंथरूण-पांघरूण याबद्दल विचारायचं असतं. देणगीदारांना पावती, करसवलत आणि मुलांचे फोटो हवे असतात. दोघांनीही हे पान पूर्ण वाचावं ही विनंती. शिबिर कोणाच्या पैशावर चालतं हे पालकांना ठाऊक असावं आणि त्या पैशाचं काय होतं हे देणगीदारांना.

शिबिर कधी आणि कुठे असतं?

मे महिन्यात, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढच्या एका शाळेच्या इमारतीत. पूर्वी एप्रिलमध्येही एक तुकडी असायची. 2025 साली सहावीपासून वरच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, तेव्हापासून सगळं मे महिन्यात आणलं. तिसऱ्या आठवड्यानंतर आम्ही तुकडी ठेवत नाही. मान्सून गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वळवाचे पाऊस त्याआधीच सुरू होतात. कौलांच्या इमारतीत पन्नासेक मुलं आणि वर गडगडाट, रात्रभर वीज नाही, ही वेळ टाळलेलीच बरी.

मुलांना वाळपईच्या बसस्थानकावर सोडायचं. तिथून पुढं आमची माणसं घेऊन जातात.

कोणत्या वयाची मुलं येऊ शकतात? मराठी यायलाच हवं का?

नऊ ते चौदा वर्षांची. मराठी येत नसलं तरी चालतं. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, आणि वास्को-झुआरीनगरकडून येणाऱ्यांत घरी कन्नड बोलणारीही असतात. गाणी, गोष्टी, नाटुकलं मराठीत होतं. खेळाच्या मैदानावर कोणती भाषा चालावी हे मुलं ठरवतात. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांची एक मिश्र बोली तयार होते आणि ती आमच्या ताई-दादांनाही शिकावी लागते.

फी किती? आम्हाला ती परवडणारी नाही, मग अर्ज करावा का?

जरूर करावा. फी दरवर्षी अर्जावर छापलेली असते. तिच्याखाली तीन चौकटी आहेत: 'पूर्ण देतो', 'जमेल तेवढी देतो', 'या वर्षी नाही जमत'. यांपैकी एकीवर खूण करायची. उत्पन्नाचा दाखला नको, सरपंचाचं पत्र नको, रेशनकार्डाची प्रतही नको. पालकांनी खूण केली की आमच्या दृष्टीनं विषय संपला.

लोक विचारतात, याचा गैरफायदा कोणी घेत नाही का? घेत असतील एखाद-दोघं. पण त्या एक-दोघांना पकडण्यासाठी बाकी सगळ्या आईबापांना कागद हातात धरून रांगेत उभं करायचं, हे आम्हाला मान्य नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवर पोट असलेली कितीतरी घरं एका वर्षात पहिल्या चौकटीतून तिसऱ्या चौकटीत गेली. दाखल्यावर मात्र आदल्या वर्षीचंच उत्पन्न दिसत राहतं.

कोणी कोणत्या चौकटीवर खूण केली हे खजिनदार आणि कार्यालयातली एक व्यक्ती, एवढ्या दोघांनाच माहीत असतं. शिबिरातल्या ताई-दादांना नाही, स्वयंपाकघरात नाही, आणि मुलांना तर मुळीच नाही. पिशवी, वही, टोपी, पाण्याची बाटली सगळ्यांना एकसारखी मिळते. घरून कोणी भारी बॅग आणली तर तिच्यातलं सामान पिशवीत काढून बॅग पालकांबरोबर परत जाते. खाऊचे पैसेही घरून आणायचे नाहीत.

दिवसभर मुलं करतात काय?

सकाळी लवकर उठून रानात फेरी. मे महिन्यातलं सत्तरीचं रान म्हणजे करवंदं, जांभळं, आणि काजूच्या हंगामाची शेवटची बोंडं. दुपारी सावलीत बसून करायची कामं, संध्याकाळी मैदान, रात्री गोष्टी. वेळापत्रक याहून बारीक आखलेलं नाही, कारण मुलांना कंटाळा यायलाही वेळ मिळाला पाहिजे असं आम्हाला वाटतं. त्यातून ती स्वतःच काहीतरी उभं करतात.

एक काम दरवर्षी असतंच, ते सोलांचं. पिकलेली भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, टोपल्यांनी येतात. मुलं ती अर्धी करतात, बिया आणि गर वेगळा काढतात, गराला मीठ लावून ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्याला सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या, सकाळी पुन्हा बुडवायच्या. साल दर दिवशी थोडी काळी पडते, थोडी मऊ होते. मधेच आभाळ भरून आलं तर खेळ टाकून सगळी पोरं सुपं उचलायला धावतात, त्यांना कोणी हाक मारावी लागत नाही. बोटं आठवडाभर लाल राहतात. शेवटच्या दिवशी प्रत्येक मूल आपल्या सोलांची पुडी घरी नेतं. ती पुडी विकायला ठेवत नाही, हे पुढं देणग्यांच्या भागातही येईल.

जेवणात काय असतं? मासे मिळतात का?

हा प्रश्न मुलं स्वतः फोनवर विचारतात. मिळतात, पण रोज नाही. सकाळी पातळ भाजी-पाव किंवा पोहे, मधल्या वेळेला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी शीत-कढी, तांबडी भाजी, सोलकढी. आठवड्यातून दोनदा हुमण, म्हणजे माशांची आमटी. जी मुलं मासे खात नाहीत त्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या चुलीवर होतो. दिवाळीचं शिबिर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत, असतं, तिथं पूर्ण शाकाहार. मुलाला शेंगदाणे, काजू, कोळंबी असं काही सोसत नसेल तर अर्जावर ठळक लिहा आणि फोनवरही सांगा.

माकडतापाची भीती नाही का?

आहे, आणि ती बाळगलीच पाहिजे. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडींमार्फत पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, म्हणजे नेमका आमच्या शिबिरापर्यंत. म्हणून रानातली वाट ठरवण्यापूर्वी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घेतो. ज्या भागात मेलेली माकडं सापडली आहेत तिकडे पाऊलही टाकत नाही, मग फेरी रद्द झाली तरी चालेल. रानात जाताना पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पायमोज्यांत खोचलेली. पालापाचोळ्यावर बसायचं नाही. परत आल्यावर कपडे वेगळे टाकून गरम पाण्यानं अंघोळ आणि काखा, कानामागं, केसांत नीट तपासणी.

घरी गेल्यावर मुलाला दोन आठवड्यांच्या आत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "सत्तरीत रानात गेला होता" हे आधी सांगा. हे वाक्य अर्जाच्या मागंही छापलं आहे.

नदीत, धबधब्यात किंवा खाणीच्या खंदकातल्या पाण्यात मुलांना उतरवत नाही. विहिरीला जाळी आहे. शिबिराची एक गाडी रात्रंदिवस दारात उभी असते, 108 रुग्णवाहिकेची वाट पाहावी लागू नये म्हणून.

मोठ्या माणसांची वर्तणूक कशी तपासता?

स्वयंसेवक अठरा वर्षांवरचे असतात, पोलिस पडताळणी झालेले. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत, असं कधीच नसतं. मुलींच्या खोलीशी फक्त ताया. 2012 चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा, कायदा आणि गोव्याचा स्वतःचा 2003 चा बाल कायदा दोन्ही स्वयंसेवकांना शिबिराआधी समजावून सांगितले जातात. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे बंधनकारक आहे, मग तो माणूस कितीही मोठा देणगीदार असो. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक न्हाणीघराच्या दारावर आतून लावलेला आहे, मूल एकटं असताना वाचेल असा.

मोबाइल?

घरी ठेवा. रोज संध्याकाळी पालकांच्या गटावर खुशाली येते, एका ओळीत.

उन्हाळा सोडून बाकी वर्षभर काय चालतं?

शिबिर आठ दिवसांचं असलं तरी मुलांशी नातं वर्षभर राहावं, म्हणून ऋतूप्रमाणे छोटे कार्यक्रम ठेवले आहेत.

पावसाळ्यात चवथीच्या आधीचा रविवार माटोळीचा. गणपतीच्या डोक्यावर बांधायची फळं-फुलं-वेली रानातून ओळखून आणायला मुलं आजी-आजोबांबरोबर जातात. सुपारीची शिपटी, तोरिंजण, चिबूड सगळ्यांना ठाऊक असतो. कांगलां, घागऱ्या, माट्टां ओळखणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. बाजारात तयार जुडी मिळते, पण ती वेल कोणत्या झाडावर चढलेली होती हे जुडी सांगत नाही. यात आमचा एकच नियम: एका वेलीची सगळी फळं कोणी काढायची नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत अग्रशाळेतलं तीन दिवसांचं शिबिर असतं, त्यात खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा बांध आणि मानस, म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार, बघायला नेतो. भरतीच्या पाण्याच्या जोरानं मानसीची दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, हे प्रत्यक्ष बघायला सहा तास बसावं लागतं. मुलं बसतात. मोठेच मधे उठून चहा शोधतात.

नाताळच्या सुट्टीत रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण, तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य. एखाद्या वर्षी त्याऐवजी कुशावती नदीकाठची उसगाळीमळची कातळचित्रं, जी 1993 साली अभ्यासकांच्या नजरेस आली. पावसाळ्यात ती पाण्याखाली जातात, म्हणून हिवाळ्यातच जायचं. कासवं बघायला गालजीबागला नेता का, असं पुष्कळ पालक विचारतात. अंडी घालायला येणाऱ्या कासवाजवळ चाळीस मुलांचा घोळका नेणं आम्हाला पटत नाही, म्हणून नेत नाही.

मुलं फी देतात, मग देणग्या कशाला?

कारण छापलेली फी पूर्ण भरली तरी एका मुलाचा खर्च तिच्यात भागत नाही, आणि बरीच मुलं ती पूर्ण भरत नाहीत. सर्वांत मोठा खर्च जेवणाचा. त्याखालोखाल बस, मग इमारतीची डागडुजी आणि विमा. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना आम्ही पूर्ण मजुरी देतो. 'समाजकार्य आहे, कमी घ्या' असं त्यांना सांगत नाही.

देणगी कोणत्या महिन्यात दिलेली चांगली?

खरं सांगायचं तर जानेवारीत. लोकांचा हात सैल होतो तो चवथ-दिवाळीला आणि मार्चअखेर. आमचा पैसा जातो मे महिन्यात, पण बस, गॅस आणि धान्य यांचं फेब्रुवारीतच ठरवावं लागतं, आणि त्याच महिन्यात आम्हाला ठरवायचं असतं की तिसऱ्या चौकटीतली किती मुलं घेता येतील. मार्चच्या 31 तारखेला आलेली देणगी आनंदाचीच, पण तोवर काही घरांना 'पुढच्या वर्षी बघू' असं सांगून झालेलं असतं. दरमहा थोडी रक्कम पाठवणारे देणगीदार म्हणूनच आम्हाला मोठे वाटतात, रक्कम कितीही लहान असो.

करसवलत मिळते का?

मिळते, ज्याला सगळे 80जी म्हणतात ती. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले, लोकांच्या तोंडी मात्र 80जीच आहे. देणगीच्या 50 टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. रोख रक्कम 2,000 रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर सवलत नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआय बरं. पॅन क्रमांक द्यायला विसरू नका. आमची साधी पावती पुरत नाही. वर्ष संपल्यावर आम्ही प्राप्तिकर खात्याकडे विवरण भरतो आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र तुम्हाला पाठवतो, ते जपून ठेवा.

मुलाची फी भरली त्यावर ही सवलत मिळत नाही, कारण ती देणगी नव्हे. "फी देणगी म्हणून दाखवा" ही विनंती कृपया करू नये.

पैशांऐवजी वस्तू दिल्या तर?

उकडा तांदूळ, नारळ, खोबरेल, गूळ, टॉर्च, नव्या चटया हे सगळं हवं आहे. विचारून द्या, म्हणजे एकाच वर्षी वीस डझन साबण येणार नाहीत. वापरलेले कपडे घेत नाही. वस्तूंवर करसवलत नसते.

मला एका मुलाचा पूर्ण खर्च उचलायचा आहे. त्याचं नाव, फोटो किंवा पत्र मिळेल का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात प्रेम असतं हे आम्ही जाणतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

समजा आम्ही नाव दिलं. त्या मुलाला पत्र लिहायला बसवावं लागेल, आणि शेजारी बसलेल्या मुलाला ते लिहावं लागणार नाही. त्या क्षणी दोघांनाही कळेल की इथं कोण कोणाच्या पैशानं आलं आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे फार नीट कळतं. मग ते मूल खेळताना भांडणार नाही, दुसऱ्यांदा हुमण मागणार नाही, 'मला हे आवडलं नाही' असं म्हणणार नाही. ज्यासाठी त्याला शिबिराला आणलं तेच त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल.

म्हणून तुमची रक्कम सगळ्यांच्या खर्चात मिसळते. शिबिर संपल्यावर सर्व देणगीदारांना एकच पत्र जातं: काय केलं, किती मुलं आली, कुठं कमी पडलो. चेहरे ओळखू येणारे फोटो त्यात नसतात. चिखलातले पाय, वाळत घातलेली सोलं, मुलांनी काढलेली रानाची चित्रं असतात.

शिबिराला भेट द्यायची असेल तर पालकभेटीच्या रविवारी या, बाकी पाहुण्यांसारखेच. पंगतीला बसा. आपल्या हातानं मुलांना वह्या वाटण्याचा कार्यक्रम होत नाही, वाढदिवसाचा केकही नको. वाढायला उभं राहायचं असेल तर भाताची परात आनंदानं तुमच्या हाती देऊ.

निधीसाठी कार्यक्रम कोणते करता?

दोन. एक पावणी, म्हणजे लिलाव, दुसरा नाटकाचा मदतीचा प्रयोग.

चवथीनंतर गावातले लोक आपल्या परसातली फळं, भाजी, नारळाच्या पेंडी आणून देतात आणि त्यांची पावणी होते. बोली पुकारणारा माणूस गावातलाच असतो, प्रत्येकाच्या घरची खबर असलेला, आणि तो बरोबर ज्याच्याकडे बघायला हवं त्याच्याकडे बघत थांबतो. एखादा नारळ कोणी चढ्या भावानं घेतो आणि तिथल्या तिथं परत टेबलावर ठेवतो, "पुन्हा लावा". मग तोच नारळ दुसरा घेतो. चिबडावरून दोन वाड्यांत चुरस लागते आणि बायका मागून आपल्या वाड्याला जोर देतात. त्या एका संध्याकाळी कित्येकदा बसचा खर्च निघतो.

नाटकाचा प्रयोग जत्रांचा हंगाम संपता संपता असतो. कलाकार मानधन घेत नाहीत, प्रवासखर्च आम्ही देतो. मंचावरून देणगीदारांची नावं आणि रकमा वाचण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्ही फक्त नावं वाचतो, तीही वर्णानुक्रमे.

मुलांनी कूपनं विकली, गाणी म्हटली, सोलं विकली तर जास्त निधी जमेल ना?

जमेल. पण मुलांना निधी गोळा करायच्या कामाला लावत नाही. आमच्या नावावर विक्रीला दिसतात ती सोलं बचत गटाच्या बायकांनी केलेली, त्यांचा मोबदला त्यांना देऊनच. गाणी मुलं पालकभेटीच्या दिवशी म्हणतात, आणि तिथं देणगीची पेटी ठेवत नाही.

आमची कंपनी सीएसआरमधून मदत करू शकेल का?

करू शकेल. ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांच्या घरात जातो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. आमची त्यासाठीची नोंदणी आहे. दोन गोष्टी आधीच सांगतो. मुलांच्या टोप्या-पिशव्यांवर कंपनीचं चिन्ह छापत नाही. आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी जागा राखत नाही. केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, शिवाय त्या मुलांनी सरळ अर्ज केला तर त्यांना जागा मिळतेच.

मी लिस्बनला किंवा लंडनला असतो. पैसे पाठवता येतील?

तुमच्या हातात कोणता पासपोर्ट आहे यावर ते अवलंबून. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशातल्या तुमच्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी आम्ही घेऊ शकतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी कायद्याच्या लेखी ती परकीय देणगी ठरते. त्यासाठी लागणारी एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी आमच्याकडे नाही, त्यामुळे आम्हाला ती घेता येत नाही. गोव्यात हा पासपोर्ट पुष्कळ घरांत आहे आणि "मी इथलाच, माझं घर इथंच" असं म्हणणाऱ्या माणसाला नकार देणं जड जातं. भावाच्या खात्यातून फिरवून पाठवण्याचा मार्गही कोणी सुचवू नये, त्यानं संस्था अडचणीत येईल. मे महिन्यात गावी येत असाल तर आठ दिवस द्या. लाकूडकाम, गिटार, काहीही येत असेल तर मुलांना शिकवा. पडताळणीसाठी तीन महिने आधी कळवा.

हिशेब बघायला मिळतो?

लेखापरीक्षण झालेला जमाखर्च दरवर्षी मराठीत छापतो आणि कार्यालयात ठेवतो. कोणीही येऊन बघावा, पालकांनी तर नक्कीच. तिसऱ्या चौकटीवर खूण केलेल्या पालकांनाही प्रश्न विचारायचा तेवढाच हक्क आहे.

अर्ज केला पण यादीत नाव लागलं नाही. आता काय?

प्रतीक्षायादीत राहतं, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास दोन-चार जागा सुटतात. कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणाला कांजिण्या येतात. फोन सुरू ठेवा, पिशवी भरायला एक दिवस मिळेल. प्रतीक्षायादी अर्जाच्या तारखेनं लागते. फीची चौकट तिथं बघितली जात नाही. तरीही जागा नाहीच मिळाली, तर माटोळीच्या रविवारी पहिलं बोलावणं त्याच मुलांना जातं.